चिंबोरी साफ करण्याआधी

भगिनींनो, आणि आज मुद्दाम बंधूंनोही! कारण रविवारी सकाळी चिंबोऱ्यांची पिशवी घरी आणणारे बहुधा तुम्हीच असता, आणि ती मोरीच्या कोपऱ्यात टेकवून, हात झटकून, वर्तमानपत्र उघडून बसणारेही तुम्हीच. पिशवीत खडखड चालू असते. पुढचे काय ते घरातल्या बाईने बघायचे.

या 'पुढचे काय' याविषयीच मी आज बोलणार आहे. कालवणाची कृती सांगणार नाही. ती लालबागची वेगळी, गिरगावची वेगळी, आणि वरळी-माहीमच्या कोळीवाड्यांतली तर त्याहून वेगळी. शिवाय प्रत्येकीला आपल्या आईचीच खरी वाटते. पण कोणतीही कृती घ्या, तिच्यात पहिलेच वाक्य असते, 'खेकडे स्वच्छ करून घ्यावेत.' झाले! हाताला चावा घेईल असा जिवंत, रागावलेला प्राणी समोर आहे, आणि कृती लिहिणाऱ्या बाई चार शब्दांत मोकळ्या होतात. त्या चार शब्दांत काय काय दडले आहे ते आज उलगडून पाहू.

आधी नावे सांगते, म्हणजे घोटाळा नको. खाडीच्या चिखलात, तिवरांच्या मुळांशी राहणारी, हिरवट काळ्या पाठीची, दणकट नांग्यांची ती चिंबोरी. मालवणी माणूस तिला कुर्ली म्हणतो. तिचे मागचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे असतात, कारण ती पोहते. समुद्रातल्या, पाठीवर तीन ठिपके असलेल्या खेकड्या निराळ्या. त्या बोटीवरून बर्फातच येतात आणि बहुतेक मेलेल्याच असतात. त्यांना मासळीचाच नियम लावावा. आणि तिसरे म्हणजे मुठे. गोड्या पाण्यातले, ओढ्याच्या दगडाखालचे, भाताच्या बांधातल्या बिळातले. त्यांचे सगळे पाय टोकदार, वल्हे नाही. परदेशात, युरोप-अमेरिकेकडे, गोड्या पाण्यात क्रेफिश नावाचा एक प्राणी मिळतो, लहानशा शेवंडीसारखा. आपल्या नद्यांत तो मुळात नाही. त्याची जागा आपल्याकडे मुठ्यांनी घेतली आहे, आणि क्रेफिशविषयी तिकडच्या स्वयंपाकघरांत जी काळजी घेतात, ती सारी मुठ्यांनाही लागू पडते.

मुठे मुंबईत यायचे कुठून? पाऊस सुरू झाला की दादर स्टेशनाबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. टाकळा, शेवळे यांच्या शेजारी कधी एखादी झाकलेली टोपली असते. कोकणात गेलेला माणूस परत येताना गोणपाटात बांधून आणतो तेही आहेच. परळ-लालबागच्या गिरण्या धडधडत होत्या, १९८२ चा संप व्हायचा होता, तेव्हा कोकण आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी या भागात गल्लोगल्ली होत्या. पावसाळ्यात मासळी महाग झाली की तिथल्या बायका मोठ्या टोपात खेकड्यांचा पातळ रस्सा करीत. आजही जून आणि जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रात जायला बंदी असते, पापलेट-सुरमई हाताला लागत नाही, आणि मग चिंबोरी-मुठ्यांची आठवण जास्तच होते. त्यात आषाढी अमावास्या, म्हणजे श्रावणाच्या आधीची शेवटची संधी!

आता खरेदी. कोळीण तुम्हाला सांगेल, 'ताई, अमावास्येची घ्या, पुनवेची पोकळ निघते.' मी तिच्याशी वाद घालत नाही. हातात घेऊन वजन पाहते. दोन सारख्या आकाराच्या चिंबोऱ्यांपैकी जी जड ती घ्यावी. चिंबोरी वाढताना जुने कवच टाकते. नुकतेच टाकले असेल तर आत मांसापेक्षा पाणीच जास्त, आणि पोटाची बाजू अंगठ्याने दाबली की लवते. घट्ट लागली तर भरलेली. पोटावरची घडी निमुळती असेल तर नर, रुंद आणि गोल असेल तर मादी. लाख, म्हणजे ती केशरी गाभोळी, हवी म्हणून मादीला मागणी असते. मात्र मुठ्याच्या मादीची घडी हलकेच उचलून पाहा. समुद्रातल्या खेकड्या लाखो अंडी सोडतात. मुठ्याची मादी थोडीच अंडी देते, ती पोटाखाली सांभाळते, आणि त्यांतून पिल्ले बाहेर पडतात ती तयार खेकडेच असतात. घडीखाली मोहरीएवढी पिल्ले वळवळताना दिसली तर ती मादी घेऊ नये. तिच्याबरोबर त्या ओढ्याचा पुढचा हंगामच आपण पिशवीत घालतो. गावी असाल तर एवढे करा की तिला तिथल्या तिथे पाण्यात सोडा. आणि सह्याद्रीच्या सड्यांवर जे लहान लहान जांभळे, केशरी, रंगीत खेकडे दिसतात, त्यांना हात लावू नका. त्यांच्यासाठी शास्त्रज्ञांनी 'घाटियाना' ही नवी प्रजाती नोंदवली ती २०१४ साली, म्हणजे अगदी अलीकडे. त्यांची ओळख होते आहे तोवर त्यांचा रस्सा नको.

घेताना चिंबोरी जिवंत हवी. हे सगळ्यांना माहीत आहे, पण का, ते सांगते. तिच्या अंगाच्या मध्यभागी पचनाची एक मोठी, मऊ, पिवळसर ग्रंथी असते. जीव गेला की तिच्यातले पाचक रस आजूबाजूच्या मांसालाच पचवू लागतात. कल्ल्यांतल्या चिखलाबरोबर आलेले जंतू आहेतच. मुंबईच्या उकाड्यात हे काम फार लवकर होते. मांस पिठूळ होते, उग्र वास मारते. जंतू शिजवून मरतात, पण त्यांनी आधीच तयार केलेली काही विषे शिजवूनही जात नाहीत. तेव्हा बाजारातून जिवंत आणलेली चिंबोरी घरी कधी मेली हे ठाऊक नसेल तर ती टाकून द्यावी. पैसे गेले म्हणून हळहळ वाटते खरी. दवाखान्याचे पैसे त्याहून जास्त जातात.

घरी आणल्यावर पुष्कळ जण चिंबोऱ्या बादलीभर नळाच्या पाण्यात टाकतात. तसे करू नये. खाडीच्या खाऱ्या पाण्यातल्या जिवाला नळाचे पाणी मानवत नाही, आणि मुठा झाला तरी बादलीतल्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू थोड्या वेळात संपतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून, सावलीत, हवेशीर ठेवा. कल्ले ओले राहिले म्हणजे त्यांना श्वास घेता येतो. नांग्यांची सुतळी सोडायची घाई करू नका. टोपलीतल्या खेकड्यांची ती गोष्ट, एकमेकांचे पाय ओढतात म्हणून झाकण लागत नाही ती, आपण मराठी माणसे स्वतःवरच सांगून हसतो. सुतळी सुटलेली एक चिंबोरी चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंगाखाली शिरली म्हणजे ती गोष्ट किती खोटी आहे ते कळते!

आता मुख्य मुद्द्यावर येते.

आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत अशी: पहिल्यांदा नांग्या मोडायच्या, मग एकेक पाय पिरगळून काढायचा, मग पाठ उचकटायची. चिंबोरी हे सारे होईपर्यंत जिवंत असते. यात कोणी दुष्टपणा करीत नव्हते. नांगी चावते, म्हणून ती आधी. क्रम आपल्या बोटांच्या भीतीने ठरलेला आहे. आणि आजवर आपली समजूत अशी की खेकड्याला काय कळते, त्याला का दुखते! या समजुतीला आता आधार उरलेला नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले रॉबर्ट एलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्याचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. किनाऱ्यावरच्या खेकड्यांना लपायला दोन अंधाऱ्या जागा दिल्या. एका जागेत गेले की विजेचा हलका झटका बसे. खेकड्याला अंधार प्रिय, पण थोड्याच फेऱ्यांत खेकडे झटक्याची जागा ओळखून दुसरीकडे जाऊ लागले. नुसते अंग आखडून घेणे निराळे, आणि आठवण ठेवून टाळणे निराळे. स्वित्झर्लंडने २०१८ पासून जिवंत शेवंड तशीच उकळत्या पाण्यात टाकायला बंदी केली. आधी तिची शुद्ध घालवली पाहिजे असा नियम केला. ब्रिटनने २०२२ साली प्राण्यांच्या संवेदनेविषयी कायदा केला, त्यात खेकडे, शेवंडी, कोळंबी यांना जागा दिली.

हे सारे साहेबांचे लाड आहेत असे कोणी म्हणेल. तर आपलाच कायदा ऐका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्यात 'प्राणी' म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव. अन्नासाठी प्राणी मारायला तो कायदा आडवा येत नाही. पण अट घालतो की त्यात अनावश्यक यातना होऊ नयेत. खाण्याविषयी त्याचे म्हणणे नाही, मोडण्याच्या क्रमाविषयी आहे, असे मी त्याचा अर्थ लावते. आणि क्रम बदलायला आपल्याला एक तासही जास्त लागत नाही.

तो क्रम असा. सुतळी बांधलेल्या चिंबोऱ्या आधी थंड करायच्या. मोठ्या पातेल्यात बर्फाचा चुरा, त्यावर थोडे पाणी आणि मूठभर जाडे मीठ; चिंबोऱ्या त्यात पूर्ण बुडवून निदान वीस मिनिटे. मीठ खाडीच्या चिंबोरीसाठी. मुठ्यांना मिठाचे पाणी नको, त्यांना ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात अर्धा-पाऊण तास ठेवावे. बर्फ कोळणीकडेच मागा, देतात. आपल्या उष्ण देशातले हे जीव थंडीने लवकर गळाठतात. नंतर पारख करा. पाय उचलला तर तो ओढून घेत नाही, पोटाची घडी उघडली तर विरोध नाही, डोळ्याला काडी लावली तरी डोळा आत जात नाही. असे झाले म्हणजे ती बेशुद्ध आहे. तसे नसेल तर आणखी थांबा.

थंडीने ती निपचित पडते, मरत नाही. बाहेर काढून ठेवली तर पुन्हा हलू लागते. म्हणून लगेच पुढचे काम उरकावे. माणसाला मेंदू एक. खेकड्याच्या मज्जातंतूंची मुख्य ठाणी दोन. एक डोळ्यांच्या मागे, दुसरे पोटावरच्या त्या घडीखाली. चिंबोरी पाटावर उताणी ठेवायची, घडी उचलायची, तिच्याखाली मधोमध लहानसा खळगा दिसतो, त्यात गोणी शिवायचे जाड दाभण किंवा टोकदार सुरी सरळ खाली, पाठीच्या कवचाला टेकेपर्यंत दाबायची. लगेच दुसरा टोच पुढे, दोन डोळ्यांच्या मधल्या खळग्यात, जरा मागच्या बाजूला तिरपा. दोन्ही मिळून दहा सेकंदांचे काम. नांग्या सैल पडतात. मुठे लहान असतात. त्यांना थंड केल्यावर उताणे ठेवून जड सुरीने मधोमध एका घावात दोन तुकडे केले तरी तेच साधते.

ज्यांना दयेचा मुद्दा पटत नाही त्यांच्यासाठी चवीचा सांगते. जिवंत चिंबोरी एकदम उकळत्या पाण्यात टाकली किंवा ओढाताण केली तर ती आपले पाय स्वतःच सोडून देते. शत्रूच्या तावडीतून सुटायची तिची ती युक्ती आहे. पाय गळाले की तिथून पाणी आत शिरते आणि रस बाहेर जातो. शांतपणे मेलेली चिंबोरी अखंड राहते. आणि आपली बोटेही!

आता साफ करणे, ज्याला आपण खरोखर साफ करणे म्हणतो ते. पाठ उघडण्याआधीच बाहेरून घासून घ्या. नारळाची शेंडी किंवा जुना दात घासायचा ब्रश घेऊन वाहत्या पाण्याखाली सांधे, नांग्यांच्या खाचा, पोटाची घडी, सगळीकडून चिखल काढा. आधी उघडून मग धुवायला गेलात तर चिखल आत आणि गोडी मोरीत. घडी मोडून टाका. मागच्या बाजूने अंगठा घालून पाठ वर उचला. दोन्ही बाजूंना करड्या रंगाचे, पिसांसारखे लोंबणारे ते कल्ले. ते सगळे ओढून टाकायचे, कारण गाळ आणि जंतू तिथेच बसलेले असतात. डोळ्यांच्या मागे पारदर्शक पिशवी असते, तिच्यात वाळू. तीही डोळ्या-तोंडासकट काढायची. केशरी लाख ठेवा. पिवळसर तपकिरी मऊ भाग, म्हणजे तीच ती पचनाची ग्रंथी, काहींना फार आवडते. मी मुंबईच्या आसपासच्या खाड्यांतल्या चिंबोरीची ती टाकून देते, आणि फवारणीच्या शेतातल्या मुठ्याचीही. पाण्यातले जड धातू खेकड्यांच्या याच भागात साठतात, हे जगभर दिसून आले आहे. आतून धुवायचे ते एकदाच, ओंजळभर पाण्याने. नांग्यांना वरवंट्याचा हलका ठोका द्या. तडा जावा, चुरा होऊ नये.

लहान पायांचे काय करायचे ते तुम्हाला सांगायला नको. ते पाट्यावर ठेचायचे, पाणी घालून फडक्यातून पिळायचे, आणि तो करडा रस कालवणात घालायचा. रश्शाला खरी चव त्याचीच. मात्र इथे एक धोका आहे, आणि तो मुठ्यांच्या बाबतीत गंभीर आहे.

गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या आणि क्रेफिशच्या मांसात कधी कधी एका कृमीच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गाठी असतात. हा फुप्फुसात राहणारा चपटा कृमी. आधी गोगलगाईत वाढतो, मग खेकड्यात, आणि कच्चा किंवा अर्धाकच्चा खेकडा खाणाऱ्याच्या पोटातून वाट काढत त्याच्या फुप्फुसात. जुनाट खोकला, छातीत दुखणे, थुंकीत रक्त. रक्ताची थुंकी दिसली की परळच्या माणसाला शिवडीचे क्षयाचे रुग्णालय आठवते, आणि अनुभवी डॉक्टरांनाही सुरुवातीला क्षयच वाटू शकतो. क्षयाच्या औषधांनी हा कृमी जात नाही. त्याचे औषध वेगळे आहे आणि ते गुणकारी आहे, पण आधी रोग ओळखला गेला पाहिजे. आपल्या देशात मणिपूर आणि ईशान्येकडच्या इतर भागांत हा आजार चांगला परिचित आहे. कोरियात एके काळी गोवर आलेल्या मुलांना कच्च्या क्रेफिशचा रस औषध म्हणून पाजत. त्यातून कित्येक मुलांना हाच रोग जडला. आपल्याकडेही मुठ्याचा रस खोकल्यावर, सर्दीवर चांगला, असे म्हणणारे लोक भेटतात. उकळलेला गरम रस्सा खुशाल प्या. कच्चा पिळलेला रस कोणालाही, विशेषतः मुलांना, चमचाभरही देऊ नका.

म्हणून तो पिळलेला रस पातेल्यात घातला की नुसता ऊन करून भागत नाही, चांगला खळखळू द्यायचा. तुकडे घातल्यावरही तसेच. खेकडा लाल झाला म्हणजे शिजला, ही समजूत पुरेशी नाही. लाल रंग त्याच्या कवचात आधीपासूनच असतो, प्रथिनाशी बांधलेला म्हणून हिरवट काळा दिसतो. उष्णतेने ती बांधणी सुटली की लाली वर येते. ती कवचावर लवकर येते, नांगीच्या पोटातले मांस मात्र तेव्हा कच्चे असू शकते. उकळी फुटल्यापासून झाकण ठेवून वीस मिनिटे धरा. लालबागच्या बाजारातून भाजून-कांडून आणलेला मसाला तेवढ्या वेळात काही बिघडत नाही, उलट मुरतो.

राहिली मोरी. ज्या पाटावर, विळीवर, पाट्यावर मुठे कापले आणि ठेचले, त्याच विळीवर लगोलग काकडीची कोशिंबीर चिरली जाते, हे मी किती घरांत पाहिले आहे! कृमी रश्शात मेला आणि कोशिंबिरीतून पोटात गेला, तर वीस मिनिटे गॅस जाळून काय मिळवले? कोशिंबीर, कांदा, लिंबू, जे कच्चे खायचे ते सगळे आधी चिरून झाकून ठेवा, मग खेकड्यांना हात लावा. नंतर पाटा, वरवंटा, विळी, मोरी साबणाने घासून वर उकळते पाणी ओता, मिक्सरच्या भांड्याचे पाते सोडवून धुवा, आणि हात साबणाने कोपरापर्यंत. पिळलेले फडके वेगळे उकळायचे.

कवचे आणि कल्ले त्याच संध्याकाळी खाली न्या. रात्रभर घरात राहिले तर सकाळी साऱ्या मजल्याला कळते आपल्याकडे काय होते ते. गिरगावातल्या एखाद्या वाडीत शेजारी शाकाहारी असले तर कागदात दोन घड्या जास्त घाला आणि ओल्या कचऱ्याच्या डब्याचे झाकण नीट लावा. आणि जेवायला कोणी पाहुणे असतील तर वाढण्याआधी विचारून घ्या. खेकडा-कोळंबीने ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात अशी माणसे असतात. त्यांना 'अहो, नुसता रस्सा तर घ्या' असा आग्रह करू नका. त्यांच्यासाठी बाजूला वरण-भात ठेवा, आणि तो वाढायला डाव वेगळा घ्या.